कोल्हापुरात खायला कुठं? नावं कमी, पारख जास्त सांगा

तिकटीकर
पुढच्या शनिवारी बाहेरगावचे आठ पाहुणे येतायत. सकाळी उतरणार, रविवारी रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसनं परत. आठांत पाच मटणवाले, दोघे शुद्ध शाकाहारी आणि एक सत्तरीच्या मावशी. मावशींना मटण चालतं, तिखट अजिबात नाही.

'कोल्हापुरातली टॉप दहा' छाप याद्या नेटवर ढिगानं पडल्यात. आचारी बदलला की हॉटेल बदललं, यादी मात्र तशीच राहते. म्हणून खुणा सांगा. ताट समोर आल्यावर पहिल्या दोन मिनिटांत काय बघायचं? कुठला पदार्थ कुठल्या वेळेला खायचा? आणि फसगत नेमकी कुठं होते?

कटएक्स्ट्रा
पहिला नंबर! बाकी सावकाश लिहितो.

अळणीपंथ
पारख एकाच वाटीत होते, पांढऱ्या रश्श्यात. तांबड्यात दहा चुका झाकता येतात, पांढऱ्यात एकही लपत नाही.

आधी तो बनतो कसा ते बघा. किलोभर मटण आलं-लसूण, मीठ आणि भरपूर पाण्यात शिजवायचं. त्यातून दीड लिटरच्या आसपास अळणी, म्हणजे मसाला न पडलेलं मटणाचं पाणी, निघते. हळद इथं चिमटीभरच, जास्त पडली की पांढरा रस्सा पिवळा होतो. दोन चमचे खसखस, चमचाभर तीळ, पंधरा-वीस काजू आणि थोडी मगज बी कोमट पाण्यात तासभर भिजवून गंधासारखं वाटायचं. एका मोठ्या नारळाचं दूध काढायचं, घट्ट वेगळं आणि पातळ वेगळं. तुपावर वेलची, लवंग, दालचिनी, आठ-दहा मिरे आणि तीन-चार हिरव्या मिरच्या परतायच्या. त्यावर वाटण मंद आचेवर, रंग बदलू न देता. मग अळणी, मग पातळ दूध, आणि घट्ट दूध अगदी शेवटी. त्यानंतर उकळी आणायची नाही. कडेनं बुडबुडे दिसायला लागले की गॅस बंद.

आता वाटीत काय बघायचं:

पृष्ठभागावर पांढरे कण तरंगताहेत आणि खाली पाणी दिसतंय, म्हणजे रस्सा फुटला. नारळाचं दूध खळाखळा उकळलं की त्यातली प्रथिनं गोठतात आणि स्निग्ध वेगळं होतं. चव पूर्ण जात नाही, पण पातेल्यापाशी लक्ष देणारं कुणी नाही हे कळतं.

निवल्यावर वर साय धरल्यासारखा पापुद्रा येतो आणि चमच्याला लगदा चिकटतो, तर त्यात मैदा नाहीतर कॉर्नफ्लोअर आहे. खसखशीचा रस्सा निवला की तळाला बारीक गाळ बसतो, चमच्यानं ढवळला की परत एकजीव होतो.

जिभेला गोड लागला तर काजूची पूड आणि दुधाची पावडर यांवर भागवलंय. पांढऱ्याला नारळाचा हलका गोडवा असतो, खिरीचा नव्हे.

पुणेरी पाटी
छान माहिती. पण इतकं निरीक्षण करेपर्यंत रस्सा गार होणार नाही का?

अळणीपंथ
@पुणेरी पाटी, म्हणून तर पहिली वाटी लगेच प्यायची आणि दुसरी बघत बसायची. ताटासोबत रस्सा बहुतेक ठिकाणी परत वाढतात. मटण मोजून असतं, रस्सा नाही. 'रस्सा रिपीट आहे का' एवढं बसतानाच विचारून घ्यायचं, म्हणजे बिलाच्या वेळी वाद नको.

नळीतला गर
पांढऱ्यावर एवढं प्रेम बरं नव्हं. पांढरा जमला आणि सुक्कं वातड निघालं तर पाहुण्यानं काय वाटीच चाटत बसायचं व्हय?

माझ्या मते पारख सुक्क्या मटणाची. फोड बोटांनी दाबली की हाडापासून सुटली पाहिजे, पण तिचे धागे जाग्यावर राहिले पाहिजेत. वरून पिठूळ आणि आत चामट लागली तर समजायचं की पपई लावून घाई केलीय. पपईचा परिणाम बाहेरच्या थरावर आधी होतो, आत पोचायला वेळ लागतो. सोडा घातला असेल तर फोड बुळबुळीत लागते आणि मागे साबणासारखी चव रेंगाळते.

दुसरी खूण मसाल्याची. सुक्क्याचा मसाला फोडीला धरून असतो आणि ताटाच्या कडेला तेलाची बारीक रेघ सुटते. मसाला एकीकडं, फोड एकीकडं असेल तर उकडलेलं मटण तयार ग्रेव्हीत फिरवून दिलंय. गर्दीच्या वेळी बहुतेकजण मटण आधीच उकडून ठेवतात, त्यात गैर काही नाही. पण शेवटची दहा-पंधरा मिनिटं तरी ते मसाल्यात शिजायला पाहिजे, नुसतं गरम करून भागत नाही.

आणि ऑर्डर देताना मटणाचा कुठला भाग हवा ते सांगता येतं हे बाहेरच्यांना ठाऊकच नसतं. नळी, चाप, सीना, मांडी, काय पाहिजे ते बोला. सगळीकडं ऐकतील असं नाही, घरगुती खानावळीत बऱ्याचदा ऐकतात. खिमा आणि वजरी (पोट-आतडी) वेगळ्या सांगाव्या लागतात. रक्ती-मुंडी (रक्त आणि डोक्याचं मटण) रोज नसते आणि असली तर लवकर संपते.

कटएक्स्ट्रा
मटणवाल्यांनी धागा ताब्यात घेतला. मिसळीचं कोण बोलणार?

सकाळी आठ ते अकरा ही मिसळीची वेळ. उद्यमनगरात फडतरे, कसबा बावड्यात बावडा मिसळ, शिवाय चोरगे, खासबाग. ही नावं सगळ्यांना पाठ आहेत, भांडण लावायला तेवढी पुरतात. पारख म्हणाल तर:

१) मटकी. मोड नखाएवढा, दाणा अख्खा, दाबला की फुटणारा. लगदा झाला असेल तर ती कालची उसळ परत उकळलेली.

२) कट. ह्यालाच बाहेर तर्री, सँपल काय काय म्हणतात. कांदा-खोबरं चांगलं काळपट तांबूस भाजून, आलं-लसूण-तीळ घालून वाटलेलं वाटण आणि कांदा-लसूण चटणी तेल सुटेपर्यंत परतायची, मग पाणी घालून उकळायचं. परतणं कमी पडलं तर कच्च्या मसाल्याची चव घशात राहते आणि दुपारभर ढेकर येतात. तेल जास्त म्हणून जळजळत नाही, मसाला कच्चा म्हणून जळजळतं.

३) शेव-चिवडा. कट ओतल्यावर दोन मिनिटं तरी कुरकुरीत राहायला हवा. आधीच मऊ असेल तर डबा उघडा राहिलेला.

४) सोबत ब्रेड. स्लाइस ब्रेड. पाव मागायचा नाही.

पुणेरी पाटी
पाव का नाही? मिसळपाव असा शब्दच आहे.

कटएक्स्ट्रा
मर्दा, शब्द तुमच्याकडं असंल. इथं मिसळीला ब्रेड आणि वड्यालापण ब्रेड. कारण सरळ आहे. स्लाइसला दोन्ही बाजूंनी उघडी जाळी असते, बुडवली की कट शोषून घेते. पाव वरून-खालून कवचात, कट आत शिरायच्या आधी तुकडा हातात तुटतो. आणि कोल्हापुरी कट पातळ असतो, पुण्यातल्यासारखा दाट रस्सा नव्हे.

पुणेरी पाटी
पटलं. पण हे कबूल केल्याचं आमच्याकडं कुणाला सांगू नका.

ब्याडगी
तांबड्याचा 'तांबडा' कुठून येतो यावर कुणीच बोललं नाही. लाल म्हणजे तिखट हा बाहेरच्यांचा गैरसमज आहे. रंग ब्याडगी मिरचीचा, ती कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातली, सुरकुतलेली, रंगाला गडद आणि तिखटाला सौम्य. झणका येतो संकेश्वरी किंवा लवंगीचा. घरची चटणी करताना दोन्ही मिसळतात. म्हणून लालभडक रस्सा सोसवतो आणि कधीकधी फिक्कट दिसणारा ठेचा डोळ्यांतून पाणी काढतो.

आता फसगत. मिरचीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही. रश्श्यावरच्या तेलाचे दोन थेंब पाण्याच्या ग्लासात टाका. लाल थेंब वर तरंगत राहिले आणि पाणी जवळजवळ नितळ राहिलं तर रंग बहुतेक मिरचीचा. पाण्यात लाल-केशरी रेघा सुटून खाली जायला लागल्या तर बाटलीतला रंग. हात धुतल्यावरही बोटं गुलाबी राहिली तर मग संशयच नको.

मिरचीचा तिखटपणाही तेलातच विरघळतो. त्यामुळं वरून पाणी पिऊन उपयोग होत नाही, तोंडभर पसरतो फक्त. दही, ताक, दूध घ्या. दुधातलं प्रथिन तिखटाला धरून जिभेवरून सोडवतं.

डंकवाली
@ब्याडगी, मिसळतात म्हणून सोडून देऊ नका, प्रमाण सांगा. किलोभर मिरचीत अर्धी ब्याडगी, अर्धी संकेश्वरी. सुकं खोबरं, धने आणि लसूण प्रत्येकी पाव किलो, तीळ शंभर ग्रॅम, कांदा किलोभर चिरून उन्हात वाळवून मग तेलात तांबूस तळलेला, गरम मसाला आणि मीठ. हे एका घराचं, शेजारच्या घरात वेगळं निघेल. कांद्यात ओल राहिली तर पावसाळ्यात चटणीला बुरशी धरते. डंकावर (मसाला कुटायच्या यंत्रावर) कांडलेली आणि गिरणीत दळलेली यांतही फरक पडतो. गिरणीत पीठ होतं आणि तापून रंग काळवंडतो. कांडलेली जाडसर राहते, तेलात हळू फुलते.

तर खानावळीत ताटाच्या कोपऱ्यात कच्ची चटणी मागून बघा. ती भुकटीसारखी असेल तर विकतच्या पाकिटातली. किंचित दमट, लसणाचे कण दिसणारी असेल तर बाकीचं ताट चुकायची शक्यता कमी.

भाकरतुकडा
सगळे रश्श्यात बुडालेत, बुडवायचं काय ते कुणी बोलत नाही. ज्वारीची भाकरी बघा. पापुद्रा सुटलेला असला पाहिजे आणि कडेला चिरा नकोत. चिरा म्हणजे पिठाची विरी (चिकटपणा) गेलेली, पीठ जुनं. ते थापताना तुटतं, मग लोक त्यात गव्हाचं पीठ मिसळतात आणि भाकरी चिवट होते. भाकरी एकदम चार मागवू नका. एकेक मागवा. तव्यावरची भाकरी पाच मिनिटांत कडक होते आणि मग रश्श्यातही नीट भिजत नाही.

रंकाळ्याची म्हैस
पाहुण्यांना गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर न्यायला विसरू नका. संध्याकाळी म्हशी समोर उभ्या, धार काढली की फेसासकट पेल्यात. नाद खुळा!

शाकंभरी
@रंकाळ्याची म्हैस, नाद खुळा खरा, पण सत्तरीच्या मावशींना ते दूध देऊ नका. निरसं दूध कितीही ताजं असलं तरी म्हैस आजारी असेल तर ब्रुसेलोसिस किंवा क्षयाचे जंतू त्यातून येऊ शकतात. ताजेपणाचा आणि जंतूंचा काही संबंध नाही. म्हातारी माणसं, गरोदर बायका आणि लहान मुलं यांनी तापवलेलंच प्यावं.

रंकाळ्याची म्हैस
तालमीतली पोरं पिढ्यान्‌पिढ्या पितायत, त्यांना काय झालं?

शाकंभरी
काय झालं ते तालमीच्या भिंतीवर लिहून ठेवत नाहीत. ज्यांना सोसलं त्यांचेच फोटो लागतात.

नळीतला गर
😂 हार्ड!

रंकाळ्याची म्हैस
बरं, हरलो. कट्टा बघायला तरी न्या. दूध पिशवीत घेऊन घरी उकळा. तालमीची चवच पाहिजे असेल तर थंडाई आहे. बदाम, खसखस, बडीशेप, मिरे, वेलची पाट्यावर वाटून तापवून गार केलेल्या दुधात. वाटण गाळून टाकलेलं असेल तर रंगाचं पाणी समजा, जिभेला रवाळ लागलं पाहिजे.

धागापाल
आरोग्यावर वेगळा धागा काढावा. इथं खाण्याबद्दल बोलू या.

शाकंभरी
बरं, खाण्याकडं येते. शाकाहारी दोघांचा विचार कुणीच केला नाही, नेहमीप्रमाणे.

पहिली सूचना, 'व्हेज कोल्हापुरी' मागवू नका. ही भाजी मुंबई-पुण्याच्या हॉटेलांच्या मेनूतली, इथल्या कुठल्याच घरात होत नाही. फ्लॉवर-गाजर-मटार लाल ग्रेव्हीत, वर तळलेली मिरची. मिरची वर ठेवली की कोल्हापुरी, एवढाच त्यांचा हिशोब.

मागवायचं ते पिठलं किंवा झुणका, खर्डा, भरलं वांगं, भाकरी, लोणी. पिठल्यात गुठळी नको आणि फोडणीत लसूण जळलेला नको. खर्डा मिरच्या तव्यावर थोड्या तेलात करपत आणून, शेंगदाणा आणि लसूण घालून रगडलेला असतो. मिक्सरमधला असला तर एकसारखा हिरवा लगदा दिसतो.

हायवेच्या ढाब्यांवर अख्खा मसूर मिळतो. मसूर भिजवून शिजवलेला, दाणा अख्खा पण आत मऊ, कांदा-टोमॅटो-लसणाच्या मसाल्यात, वर लोण्याचा गोळा. तो तंदुरी रोटीशी खातात. दाणे फुटून आमटी झाली असेल तर ढाबा बदला.

आणि मुख्य प्रश्न. शाकाहारी रस्सा आणि मटणाचा रस्सा यांची पळी एकच आहे का, हे विचारायला लाजू नका. मिश्र हॉटेलात 'व्हेज तांबडा' मागितला तर तो खरंच वेगळ्या पातेल्यातला आहे का? काही ठिकाणी वाटण एकच असतं आणि त्यात अळणी कधी पडली ते वेटरलाही ठाऊक नसतं. दोघे शुद्ध शाकाहारी असतील तर त्यांचं एक जेवण तरी पूर्ण शाकाहारी ठिकाणी ठेवा.

चिरमुरा
संध्याकाळची गाडी कुणी धरली नाही अजून. खासबागेजवळ राजाभाऊंची भेळ आहे. बसून सावकाश खायचा पदार्थ नव्हे तो, गाडीशेजारी उभ्यानंच संपवायचा. चिरमुऱ्यावर चटणी पडली की दोन-तीन मिनिटं हातात असतात, नंतर ओला भुसा. त्यामुळं भेळ पार्सल नेऊ नका. न्यायचीच तर चटणी वेगळ्या पिशवीत बांधून घ्या.

दावणगिरी लोणी डोशाच्या गाड्या गल्लोगल्ली आहेत. गाव कर्नाटकातलं, पण कोल्हापूरकरांनी दत्तक घेतलंय. डोसा लहान, जाडसर, वरून जाळीदार आणि खालून कुरकुरीत. पिठात चिरमुरे वाटून घातलेले असतात, म्हणून आत लुसलुशीत राहतो. फसगत लोण्यात होते. लोणी तव्यावर फेसाळतं आणि त्याचा वास सुटतो. मार्गरीन वितळून नुसतं पसरतं आणि खाल्ल्यावर टाळूला मेणासारखा थर राहतो. पहिला डोसा तव्यावर पडताना बघा, मग ऑर्डर द्या.

उन्हाचे दिवस असतील तर सोळंकी किंवा इंपिरियलचं कॉकटेल. पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा की हे आईस्क्रीम, फळं आणि सुकामेवा यांचं आहे, नाहीतर पाचांतले दोघे उगाच खूश होतील.

पुणेरी पाटी
गुळाचा चहा राहिला. गावात गुळाची एवढी मोठी बाजारपेठ, तरी टपरीवर तो फाटलेलाच का निघतो?

डंकवाली
गूळ उकळत्या दुधात टाकतात म्हणून. गुळात थोडा आंबटपणा असतो, त्यानं दूध नासतं. चहा आणि दूध आधी पूर्ण उकळून खाली उतरवायचं, मग गूळ घालून ढवळायचं आणि परत आचेवर ठेवायचं नाही. कपात गूळ घालून वरून चहा गाळला तर सर्वांत उत्तम. आणि पिवळाधमक गूळ बघून भुलायचं नाही, गडद तपकिरी घ्या.

नळीतला गर
वेळेबद्दल एक राहिलंच. रात्री साडेनऊनंतर मटणाच्या ताटाला जाऊ नका. पांढरा तासन्‌तास आचेवर राहून फुटलेला असतो, तांबड्यात पाणी वाढवलेलं असतं, भाकरी करणारी मावशी घरी गेलेली असते. दुपारी साडेबारा आणि रात्री साडेसात, पहिल्या पंगतीला बसा.

वाराचंही बघा. सोमवार, गुरुवार, शनिवार बऱ्याच घरांत मटण नसतं. बुधवार, शुक्रवार, रविवारी असतं. म्हणजे शनिवारी तुम्हाला रांग कमी लागेल.

अळणीपंथ
@नळीतला गर, रांग कमी हा फायदा धरू नका. उठाव कमी म्हणजे मटण कालचं असण्याची शक्यता जास्त. शनिवारी मिसळ आणि शाकाहारी करा, मटण रविवारी दुपारी. रांग लागली तर लागू दे. रांगेतलं ताट ताजं असतं.

नळीतला गर
हे मान्य. सुक्क्यावर मात्र ठाम आहे.

भाकरतुकडा
रविवारी दुपारी मटण आणि रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस. पाहुण्यांच्या पोटाचाही विचार करा राव.

रंकाळ्याची म्हैस
अवांतर: मटणाच्या दराचं काय सांगू नका पाहुण्यांना. २०१९ च्या अखेरीस दर वाढला तर लोक रस्त्यावर उतरलेले. पेट्रोल वाढतं तेव्हा कोल्हापूर एवढं पेटत नाही.

ब्याडगी
पेट्रोल रश्श्यात पडत नाही ना.

शाहूपुरीकर
धागा वाचतोय, दोन कोरड्या गोष्टी घालतो. बिलावर चौदा आकडी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा परवान्याचा) क्रमांक असायला हवा, २०२२ पासून तो बंधनकारक आहे. आणि बिलात जीएसटी वेगळा लावला असेल तर त्यावर जीएसटी क्रमांक छापलेला आहे का बघा. कंपोझिशन योजनेतल्या (छोट्या धंद्यांसाठीची जीएसटीची सोपी पद्धत) हॉटेलाला गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेता येत नाही. आठजणांच्या बिलात फरक पडतो.

स्वच्छतेसाठी मुदपाकखान्यात डोकवायची गरज नाही. ताटातला कांदा बघा. कडा वाळलेल्या आणि वास उग्र असेल तर सकाळचा चिरलेला. जो कांदा चिरायचा कंटाळा करतो तो पातेलं काय घासणार?

देवळाच्या बाजूला, महाद्वार रोडला मोठी गाडी नेऊ नका. आठजणांना दोन-तीन रिक्षा बऱ्या.

तिकटीकर
सगळ्यांना दंडवत. इतकं वाचून माझंच पोट भरलं. बेत असा धरलाय:

शनिवार सकाळ मिसळ, ब्रेडसोबत. दुपारी पिठलं-भाकरी-खर्डा, पूर्ण शाकाहारी ठिकाणी. संध्याकाळी दूध कट्टा (फक्त बघायला), मग भेळ, रात्री लोणी डोसा. रविवारी सकाळी देवदर्शन, दुपारी साडेबाराला मटणाचं ताट. मावशींना तांबड्याऐवजी पांढरा देणार, तो तिखट नसतो म्हणून. शाकाहारी दोघांना त्या वेळी डोशाच्या गाडीवर धाडणार.

अळणीपंथ
थांबा थांबा! मावशींना पांढरा देऊन फसाल. वर लिहिलंय बघा, त्यात हिरव्या मिरच्या आणि मिरे आहेत. रंग पांढरा म्हणून बाहेरचे बिनधास्त पितात आणि तिखट मागून घशाला लागतं. तांबड्याचा निदान रंग बघून माणूस सावध होतो.

मावशींसाठी नुसती अळणी मागा. मसाला पडायच्या आधीचं मटणाचं पाणी, वाटीत वरून चमचाभर तूप आणि मीठ. सोबत अळणी भात आणि अळणीतल्याच दोन मऊ फोडी. मेनूत लिहिलेलं नसतं, पण जिथं पांढरा ताजा बनतो तिथं अळणी असतेच, त्याशिवाय पांढरा होणारच नाही. मात्र पहिल्या पंगतीलाच सांगा. एकदा सगळी अळणी दोन पातेल्यांत वाटली गेली की मग उरत नाही. आणि अळणी मागितल्यावर 'ती नसते ओ' म्हणाले तर तिथला पांढरा कशाचा बनतो, ते तुम्हीच ओळखा.

नळीतला गर
हे मात्र काटा किर्र! पारखेची पारख झाली आणि मावशींचं जेवणही. सुक्क्यावरून वाद पुढच्या धाग्यात घालू.

शाकंभरी
शाकाहाऱ्यांना डोशाच्या गाडीवर 'धाडणार' म्हणे! दुपारी बाराला लोणी डोशाच्या बऱ्याच गाड्या बंद असतात, सकाळी आणि संध्याकाळी लागतात. त्यांना अख्खा मसूर खायला न्या, नाहीतर शनिवारी पिठलं ठेवलंय तिथंच परत.

तिकटीकर
@शाकंभरी, चूक कबूल. मसूर ठरला. शेवटचा प्रश्न, रात्री गाडीत खायला काय बांधून देऊ? पांढरा रस्सा पार्सल चालेल का?

अळणीपंथ
नाही. पिशवीत हलून आणि पुन्हा गरम करताना फुटतोच. शिवाय नारळाचं दूध उकाड्यात लवकर आंबतं, चार तासही धरू नका.

भाकरतुकडा
सुक्कं आणि भाकरी. सुक्कं पूर्ण निवल्यावर डब्यात भरा, गरम झाकलं तर वाफेचं पाणी सुटून चव उतरते. भाकऱ्या निवल्यावर सुती फडक्यात, फॉइलमध्ये नको, घाम सुटतो. शाकाहाऱ्यांना खर्डा आणि दशम्या. दुधात मळलेल्या असतात, दुसऱ्या दिवशी सकाळीही मऊ राहतात.

डंकवाली
घरी न्यायला चटणी देणार असाल तर पिशवी दुहेरी बांधा आणि कपड्यांच्या बॅगेत ठेवू नका. मिरजेच्या आधी फुटली तर अख्खा डबा मुंबईपर्यंत शिंकत जाईल.

पुणेरी पाटी
पुण्याला उतरणाऱ्यांनी पण शिंकायचं का?